कॉन्टॅक्ट लेन्स : वर्षानुवर्षांचा वापर आणि कारागिराचे डोळे

कापडाच्या धंद्यात माणसाची खरी पुंजी दोनच. एक जबान आणि दुसरे डोळे. जबानीवर गिऱ्हाईक दुकानात टिकते आणि डोळ्यांवर माल ओळखला जातो. एकाच रंगाच्या दोन ताग्यांतली शेड वेगळी आहे का, सुताचा पोत कसा आहे, काठात धागा सुटला आहे का, हे काम यंत्र करीत नाही. शिंपी, जरीकाम करणारा, सोनार, घड्याळजी, सावंतवाडीत लाकडी खेळण्यांवर आणि गंजिफांवर बारीक ब्रश फिरविणारा, बोटीचे इंजिन खोलणारा मिस्त्री, या सर्वांची रोजी-रोटी नजरेवर चालते. म्हणूनच व्यापार-धंद्याच्या या पानावर आम्ही आज डोळ्यांचा विषय घेतला आहे.

एकेकाळी कॉन्टॅक्ट लेन्स म्हणजे सिनेमातल्या लोकांची आणि मुंबईच्या श्रीमंतांची वस्तू समजली जाई. आज तसे राहिलेले नाही. मालवण, कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, कुठेही चष्म्याच्या दुकानात लेन्सची चौकशी होते. लग्नाच्या मुली लेन्स मागतात, आखातात नोकरीला निघालेली मुले मागतात, काउंटरवर उभे राहणारे सेल्समनही मागतात. ज्यांनी विसाव्या वर्षी लेन्स घालायला सुरुवात केली, त्यांपैकी पुष्कळांना आज वीस-पंचवीस वर्षे झाली आहेत. इतकी वर्षे रोज डोळ्यावर प्लॅस्टिकची चकती ठेवल्याने डोळ्याचे काय होते, हा प्रश्न त्यांच्यासाठी केवळ तब्येतीचा नाही, पोटापाण्याचाही आहे.

कारागिरांच्या हातून आलेली वस्तू

लेन्सचा इतिहास आपल्या वाचकांना आवडेल, कारण तो पुष्कळसा कारागिरांचाच आहे. १८८७ च्या सुमारास जर्मनीतील वीसबाडेन येथे म्युलर नावाचे घराणे काचेचे कृत्रिम डोळे फुंकून बनवीत असे. त्या घराण्यातील कारागिराने एका रुग्णाच्या डोळ्यावर बसेल अशी पातळ काचेची वाटी तयार केली. त्याच सुमारास झुरिचचे डॉक्टर आडोल्फ फिक यांनी नजर सुधारण्यासाठी काचेच्या लेन्स बसवून पाहिल्या आणि १८८८ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. या लेन्स जड होत्या आणि थोडे तासच सहन होत. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील केव्हिन टुओही या चष्मेवाल्याने फक्त बुबुळापुरती, लहान आकाराची प्लॅस्टिकची लेन्स काढली. तिलाच आपण हार्ड लेन्स म्हणतो.

सॉफ्ट लेन्सचे श्रेय प्राग शहरातील रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांचे. पाणी शोषून मऊ होणारे प्लॅस्टिक त्यांनी आपल्या साथीदारासह शोधले होते, पण त्याची लेन्स नीट वळेना. संस्थेतून त्यांना दूर करण्यात आले होते. १९६१ च्या डिसेंबरात त्यांनी घरच्या टेबलावर, मुलांच्या खेळण्यातील लोखंडी पट्ट्या आणि सायकलचा डायनॅमो जोडून एक फिरते यंत्र तयार केले आणि त्या यंत्रावर पहिल्या चांगल्या सॉफ्ट लेन्स निघाल्या. पुढे हा हक्क अमेरिकेत गेला आणि १९७१ मध्ये तेथील सरकारने सॉफ्ट लेन्सच्या विक्रीला परवानगी दिली. १९९९ च्या सुमारास सिलिकॉन हायड्रोजेल नावाच्या, जास्त हवा जाऊ देणाऱ्या लेन्स बाजारात आल्या.

नजरेच्या विद्येशी आपला संबंध तर याहून फार जुना आहे. बसऱ्यात जन्मलेले आणि कैरोत राहिलेले इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी ‘किताबुल मनाजिर’ लिहून, प्रकाश वस्तूवरून डोळ्यात येतो तेव्हा आपल्याला दिसते, हे मांडले. अरबीत नेत्रवैद्याला कह्हाल म्हणत, आणि हा शब्द सुरम्यासाठी असलेल्या ‘कुह्ल’ या शब्दावरून आला. बगदादचे अली इब्न ईसा यांचा कह्हालांसाठी लिहिलेला ग्रंथ युरोपातही शिकविला जाई. डोळ्याची काळजी घेणे ही आपल्याला नवी गोष्ट नाही.

बुबुळाला हवा लागते

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. शरीराच्या इतर भागांना रक्तातून ऑक्सिजन मिळतो. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच तो पारदर्शक आहे. त्याला ऑक्सिजन मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरातून मिळतो. लेन्स घातली की हवा आणि कॉर्निया यांच्यामध्ये पडदा आला. डोळे मिटून झोपले की पापणीचा दुसरा पडदा आला.

हवा कमी पडत राहिली तर कॉर्निया किंचित सुजतो, संध्याकाळी दिव्याभोवती वलये दिसतात, डोळे लाल होतात. असे वर्षानुवर्षे चालले तर कडेच्या रक्तवाहिन्या ऑक्सिजन पुरविण्यासाठी कॉर्नियात शिरू लागतात. आतल्या थरातील पेशींचा आकारही बदलतो. या पेशी मोठ्या माणसात पुन्हा नव्याने तयार होत नाहीत, म्हणून हा तोटा लहान समजू नये. जुन्या, पाणी धरणाऱ्या जाड लेन्समध्ये हा त्रास जास्त होता, सिलिकॉन हायड्रोजेलमध्ये बराच कमी झाला आहे. जो माणूस पंधरा वर्षांपूर्वीच्याच प्रकारची लेन्स आजही सवयीने मागवीत असेल, त्याने डॉक्टरांना विचारून प्रकार बदलावा.

लांब मुदतीचे दुसरे दुखणे म्हणजे कोरडेपणा. लेन्स अश्रूंचा थर फोडते, डोळ्यात वाळू गेल्यासारखे वाटते. शिलाई करताना, हिशेब करताना किंवा मोबाइल बघताना आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून त्रास वाढतो. कुवेत, सौदी, दुबईत एसीमध्ये आणि धुळीत काम करणाऱ्या आपल्या मुलांना हा अनुभव नेहमीचा आहे. तिसरा त्रास पापणीच्या आतल्या बाजूचा. लेन्सवर अश्रूंतील प्रथिने साचतात, त्यांच्या घर्षणाने आणि ॲलर्जीने पापणीच्या आत मोठे दाणे उठतात, खाज सुटते, चिकट स्राव येतो आणि लेन्स जागेवर राहत नाही. हार्ड लेन्स फार वर्षे वापरणाऱ्यांची वरची पापणी थोडी खाली उतरल्याचेही डॉक्टरांना आढळते.

खरा धोका जंतूंचा

वरील त्रास हळूहळू होतात आणि वेळीच थांबविले तर पुष्कळसे सुधारतातही. जंतूंचा संसर्ग मात्र सवड देत नाही. कॉर्नियाला जखम होऊन तीत जंतू वाढले की व्रण होतो. लेन्स वापरणाऱ्यांत यासाठी स्यूडोमोनास नावाचा जंतू कुप्रसिद्ध आहे. तो ओलसर जागेत, लेन्सच्या डबीत, सिंकच्या आसपास मजेत राहतो आणि एक-दोन दिवसांत कॉर्नियाची नासाडी करू शकतो. व्रण बरा झाला तरी जागी पांढरा डाग राहतो. आपल्याकडे याला डोळ्यात फूल पडणे म्हणतात. फूल मध्यभागी पडले तर सुई ओवणे कायमचे गेले.

१९८९ साली अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. सॉफ्ट लेन्स दिवसा वापरून रात्री काढणाऱ्या दर १०,००० माणसांमागे वर्षाला सुमारे ४ जणांना असा व्रण झाला. रात्रीही घालून ठेवावयाच्या लेन्स वापरणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे २१ होते. म्हणजे पाचपट. नव्या सिलिकॉनच्या लेन्सने हवेचा प्रश्न बराच सोडविला, पण रात्रीच्या जंतूंचा सोडविला नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासातही झोपेत लेन्स ठेवणाऱ्यांचा धोका कितीतरी जास्त दिसला. आकडे पाहून घाबरण्याचे कारण नाही. नीट वापरणाऱ्या हजारो लोकांना काहीही होत नाही. पण पाचपट धोका ज्या एका सवयीने वाढतो, ती सवय सोडायला पैसाही लागत नाही.

आता आपल्या धंद्याकडे पाहा. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत कापडाची दुकाने मध्यरात्रीपर्यंत उघडी असतात. शिंप्याकडे तर ईदच्या चांदरातीपर्यंत मशीन थांबत नाही. सकाळी घातलेली लेन्स अठरा-अठरा तास डोळ्यात राहते. तरावीहनंतर पुन्हा काम, मग सहरीपूर्वी घटकाभर गादीवरच डोळा लागतो. लेन्स तशीच. इतर दिवसांत मालवणच्या बाजारात दुपारी फळ्या लावून घरी जेवण आणि कैलूला करण्याची जुनी रीत आहे. त्या अर्ध्या-पाऊण तासाच्या झोपेतही लेन्स डोळ्यातच असते. झोप थोडी म्हणून जंतू सवलत देत नाहीत. दहा-बारा तासांपलीकडे लेन्स ठेवू नये आणि आडवे होण्यापूर्वी काढावी. सीझनच्या दिवसांत तर चष्माच बरा.

२००६ सालचा धडा

लेन्स धुण्याच्या औषधी पाण्याला आपण सोल्यूशन म्हणतो. २००५ च्या अखेरीपासून सिंगापूर आणि हाँगकाँगमध्ये, नंतर अमेरिकेत, लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्यांत फ्युझेरियम नावाच्या बुरशीचे व्रण अचानक वाढले. अमेरिकेत दीडशेहून अधिक रुग्णांची खात्री झाली. त्यांपैकी काहींना कॉर्निया बदलण्याचे ऑपरेशन करावे लागले. शोध घेता बहुतेकांचा संबंध बॉश अँड लॉम्ब कंपनीच्या ‘रेन्यू विथ मॉइश्चरलॉक’ या सोल्यूशनशी निघाला आणि मे २००६ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. बाटल्यांत बुरशी भरली होती, असे नव्हते. वापरताना ते सोल्यूशन बुरशी मारण्यात कमी पडत होते आणि जुन्या पाण्यात नवे मिसळण्यासारख्या सवयींनी ते आणखी कमकुवत होत होते. पुढच्याच वर्षी, मे २००७ मध्ये, दुसऱ्या एका कंपनीचे सोल्यूशन अकॅन्थअमीबा नावाच्या सूक्ष्म जीवाच्या संसर्गामुळे मागे घ्यावे लागले.

ही बुरशीची गोष्ट कोकणातल्या माणसाला जास्त समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर भिंतीला लावलेल्या गठ्ठ्यांना काळे-हिरवे डाग पडतात, चामड्याच्या चपलेवर पांढरी लव येते. माल वाचवायचा तर तो जमिनीपासून उंच ठेवावा लागतो, उघडीप मिळताच हवा द्यावी लागते. लेन्सची डबी ही लहानशी वखारच समजा. तिच्यात ओल आणि अंधार दोन्ही आहेत. रोज लेन्स काढल्यावर डबीतले जुने सोल्यूशन ओतून टाकावे, डबी ताज्या सोल्यूशननेच धुवावी आणि स्वच्छ कागदावर, झाकणे काढून, पालथी घालून वाळवावी. दर तीन महिन्यांनी डबी बदलावी. न्हाणीघराच्या फळीवर ती कधीही ठेवू नये.

जुन्यात नवे सोल्यूशन ओतून काम भागविणे हे उतरलेल्या रंगाच्या पाण्यात नवे कापड बुडविण्यासारखे आहे. रंगरेज असे करील तर त्याचे गिऱ्हाईक तुटेल. येथे गिऱ्हाईक नाही, डोळा तुटेल.

वुजू, हौद आणि समुद्र

वुजू करताना लेन्स काढावी लागते का, हा प्रश्न आम्हाला पुष्कळदा विचारला जातो. कोकणातील आपण बहुतेक शाफई, काही हनफी. दोन्ही मजहबांत वुजू किंवा गुस्लमध्ये डोळ्याच्या आतला भाग धुणे फर्ज नाही. चेहरा धुतला की वुजू झाला. म्हणून लेन्स डोळ्यात असली तरी वुजूला बाधा येत नाही. रोजात डोळ्यात थेंब घालण्याबाबतही या दोन्ही मजहबांत डोळ्यातील औषधाने रोजा तुटत नाही, असे उलेमा सांगतात. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या मौलवीसाहेबांना विचारून मन मोकळे करावे, पण शंकेपायी औषध बंद ठेवू नये.

धोका आहे तो पाण्याचा. अकॅन्थअमीबा विहिरीत, नळात, हौदात, समुद्रात, मातीत, सगळीकडे असतो. आपण रोज त्या पाण्याने तोंड धुतो आणि काही होत नाही, कारण उघड्या डोळ्यातून तो वाहून जातो. लेन्स घातलेली असली की तो लेन्सखाली अडकतो, लेन्सला चिकटतो आणि घर करतो. त्याचे दुखणे भयंकर असते. तो आपल्याभोवती कठीण कवच करतो, त्यामुळे उपचार महिनोनमहिने चालतात. म्हणून वुजूत चेहऱ्यावर पाणी घेताना डोळे घट्ट मिटावेत, नंतर कापडाने चेहरा टिपावा. ओल्या हाताने लेन्सला स्पर्श करू नये. साबणाने हात धुऊन, पूर्ण कोरडे करून मगच लेन्स हाताळावी. लेन्स किंवा डबी नळाच्या, विहिरीच्या, उकळलेल्या किंवा बाटलीच्या पाण्यानेसुद्धा धुऊ नये. थुंकी लावण्याचे तर नावच नको. लेन्स घालताना-काढताना नेहमी उजव्या डोळ्यापासून सुरुवात करण्याची आपली सवय येथे फार उपयोगी पडते. दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगळे असले तरी अदलाबदल होत नाही.

मालवणला हे आणखी महत्त्वाचे. तारकर्ली-देवबागला आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्कुबा आणि स्नॉर्कलिंगचा धंदा वाढला आहे. आपली कितीतरी मुले त्यात आहेत. रापणीवर, ट्रॉलरवर, पर्यटकांच्या होडीवर काम करणाऱ्यांच्या डोळ्यात खारे पाणी उडतच असते. समुद्रात उतरताना लेन्स घालू नये. डायव्हिंगचा मास्क नंबरच्या काचेचाही मिळतो. डोळ्यात पाणी गेलेच तर बाहेर येताच लेन्स काढून टाकावी. रोज नवी घालून संध्याकाळी फेकण्याची लेन्स असेल तर उत्तमच.

कोणत्या धंद्यात काय जपावे

चिरेखाणीवर आणि फर्निचरच्या कारखान्यात धूळ, भुसा उडतो. लेन्सखाली एक कण गेला तरी कॉर्निया खरवडतो. येथे लेन्स टाळावी किंवा वर बंद चष्मा घालावा. काजूच्या कारखान्यात टरफलाचे तेल जहाल असते आणि भाजताना धूर होतो. त्या हाताने लेन्सला स्पर्श म्हणजे डोळा भाजून घेणे. मोटारसायकलवरून गोवा हायवेने फेऱ्या मारणाऱ्यांनी हेल्मेटची काच खाली ठेवावी.

वेल्डिंग करणाऱ्या मुलांत एक जुनी भीती आहे. ठिणगीच्या उजेडाने लेन्स वितळून बुबुळाला चिकटते, असे ते ऐकतात. हे खरे नाही. पण लेन्स घातली म्हणून वेल्डिंगच्या किरणांपासून बचाव होतो, हेही खरे नाही. काळ्या काचेची ढाल लागतेच.

कापडवाल्यांना आणि शिंप्यांना सुताचा कीस त्रास देतो. तागा झटकताना, कटिंग करताना तो डोळ्यात जातो. डोळा चोळण्याऐवजी लेन्स काढून ताज्या सोल्यूशनने चोळून धुवावी, मगच घालावी. अत्तरविक्रेत्यांनी आणि मसाल्याच्या दुकानदारांनी हाताची बोटे जपावीत. मालवणी मसाल्याच्या मिरचीने माखलेले बोट आणि लेन्स, यांची गाठ पडली की माणूस जन्मभर विसरत नाही.

सुरम्याबद्दलही लिहिले पाहिजे. बाजारात सुरमा म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ पुड्यांत शिशाचे खनिज असते. शिसे शरीरात गेलेले बरे नव्हे, लहान मुलांना तर मुळीच नाही. लेन्सच्या बाबतीत आणखी एक अडचण अशी की बारीक पूड लेन्सखाली जाऊन बसते. लेन्स वापरणाऱ्याने डोळ्याच्या आत सुरमा किंवा काजळ घालू नये.

स्वस्त रंगीत माल

लग्नसराईत निळ्या, हिरव्या, घाऱ्या लेन्सची मागणी वाढते. त्यांना नंबर नसतो, म्हणून लोक त्यांना बांगड्या-टिकल्यांसारखा शृंगाराचा माल समजतात. आमच्या ओळखीच्या एका शिंप्याच्या मुलीने निकाहसाठी अशा लेन्स एका सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातून घेतल्या. डोळा तपासला नाही, वापरायचे कसे ते कोणी सांगितले नाही. वलीम्याच्या दिवशी डोळा लाल झाला. मेडिकलमधून थेंब आणून चार दिवस काढले. पाचव्या दिवशी डॉक्टरांकडे नेले तेव्हा व्रण झाला होता. डोळा वाचला, पण फूल राहिले. मुलगी बापाच्या हाताखाली काज-बटणाचे काम करीत असे, ते आता एका डोळ्याच्या भरवशावर करते.

नंबर नसला तरी लेन्स ही लेन्सच आहे. तिची गोलाई प्रत्येकाच्या कॉर्नियाशी जुळावी लागते. अमेरिकेने २००५ साली कायदा करून केवळ रंगासाठीच्या लेन्सही वैद्यकीय उपकरण ठरविल्या. भारतात ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. तेव्हा ज्या आपल्या बंधूंचे कटलरीचे, ब्युटी पार्लरच्या सामानाचे दुकान आहे, त्यांनी हा माल गल्ल्याच्या मोहाने ठेवू नये. शंभर-दोनशेच्या नफ्यासाठी दुसऱ्याच्या मुलीचा डोळा जोखमीत घालणे ही हलाल कमाई म्हणता येईल का, याचा ज्याने त्याने विचार करावा. एकाने घातलेली लेन्स दुसऱ्या नवरीला देणे हा तर गुन्हाच समजावा.

जुलै २०२४ मध्ये टीव्ही अभिनेत्री जास्मिन भसीन यांची बातमी पुष्कळांनी वाचली असेल. दिल्लीतील एका कार्यक्रमासाठी त्यांनी लेन्स घातल्या, डोळे दुखू लागले, पण काम हाती असल्याने त्यांनी कार्यक्रम पुरा केला आणि मग डॉक्टरांकडे गेल्या. कॉर्नियाला इजा झाल्याचे निघाले आणि डोळ्यांवर पट्ट्या बांधाव्या लागल्या. दुखत असताना ‘आधी काम, मग डॉक्टर’ हा विचार आपल्या दुकानात आणि कारखान्यात रोज होतो.

खर्चाचा हिशेब

लेन्स घेताना लोक लेन्सची किंमत पाहतात, सोल्यूशन आणि डबी विसरतात. वर्षभर चालणारी लेन्स दिसायला स्वस्त, पण तिला सोल्यूशन जास्त लागते आणि तिच्यावर मळही जास्त चढतो. महिन्याची लेन्स मधली. रोजची लेन्स महाग, पण तिला डबी नको, सोल्यूशन नको. जो रोज लेन्स घालत नाही, केवळ लग्नकार्याला किंवा प्रवासाला घालतो, त्याला रोजची लेन्सच परवडते. महिन्याची लेन्स दोन महिने ओढणे ही बचत नव्हे. मुदत पाकीट उघडल्यापासून मोजायची, घातलेल्या दिवसांची नव्हे. सोल्यूशनच्या बाटलीवर उघडल्याची तारीख पेनने लिहून ठेवावी आणि लेबलवरील मुदत संपताच उरलेले फेकावे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कॉन्टॅक्ट लेन्सवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. बिल मागून घ्यावे. पाकिटावर बॅच नंबर, मुदत आणि उत्पादक किंवा आयातदाराचे नाव व लायसन्स आहे का, हे आपण व्यापारी लोक पाहणार नाही तर कोण पाहणार? आणि सर्वात महत्त्वाचे, लेन्स वापरणाऱ्या प्रत्येकाजवळ चालू नंबरचा चष्मा असलाच पाहिजे. ज्याच्याजवळ चष्मा नाही, तो डोळा लाल झाला तरी नाइलाजाने लेन्स घालतो. हज-उमराच्या प्रवासातही धूळ, गर्दी आणि अपुरी झोप असते. तेथे चष्मा न्यावाच.

चाळिशीनंतर

लेन्स वापरणाऱ्यालाही चाळिशी चुकत नाही. दूरचे लेन्सने दिसते, पण सुईचे नाक दिसेनासे होते. वर वाचनाचा चष्मा घालणे हा सोपा इलाज. वय वाढले की अश्रू कमी होतात, म्हणून लेन्सचे तास कमी करावे लागतात. ज्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले असेल त्यांनी डॉक्टरांना लेन्सबद्दल जरूर सांगावे. लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि आत बसविण्याच्या भिंगाचा नंबर चुकू शकतो. म्हणून मोजमापापूर्वी सॉफ्ट लेन्स एक-दोन आठवडे आणि हार्ड किंवा सेमी-सॉफ्ट लेन्स त्याहून अधिक दिवस बंद ठेवायला सांगतात.

लेन्स वाईटच, असा आमच्या लिहिण्याचा अर्थ कोणी काढू नये. कॉर्निया शंकूसारखा पुढे येणाऱ्या आजारात चष्मा काम देत नाही, तेथे सेमी-सॉफ्ट लेन्सच उपयोगी पडते. दोन डोळ्यांच्या नंबरांत फार फरक असेल किंवा नंबर फार मोठा असेल, तर लेन्सने चष्म्याहून चांगले दिसते. अशांनी लेन्स जरूर वापरावी, पण वर्षातून एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडून कॉर्निया तपासून घ्यावा. काही दुखत नसले तरी.

ही लक्षणे दिसली तर

डोळा लाल होणे, दुखणे, उजेड सहन न होणे, सतत पाणी येणे, अंधूक दिसणे, बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे. यांपैकी एक जरी असेल तर लेन्स ताबडतोब काढावी आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. काढलेली लेन्स आणि डबी फेकू नये, सोबत न्यावी. त्यावरून जंतू कोणता हे शोधता येते. मेडिकल दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नयेत. त्यांत स्टेरॉइड असेल तर एक-दोन दिवस बरे वाटते आणि आत बुरशी वाढते. मध, गुलाबपाणी, दूध डोळ्यात घालू नये. डोळ्यावर घट्ट पट्टी बांधू नये. ‘डोळे आले असतील’ म्हणून लेन्सवाल्याने थांबू नये.

आपल्या जिल्ह्यात ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे आणि २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झाले आहे. मोठ्या उपचारासाठी आपले लोक बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला, कोल्हापूरला किंवा मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात जातात. गाडीभाडे आणि दोन दिवसांचा बंद धंदा जिवावर येतो, हे आम्ही जाणतो. पण व्रणाचे फूल झाले तर उपाय एकच उरतो, कॉर्निया बदलण्याचा. तो मृत व्यक्तीच्या नेत्रदानातूनच मिळतो. मागणीच्या मानाने तो कमी मिळतो, आणि नेत्रदानाबाबत आपल्या उलेमांतही एकमत नाही. पहिल्या दिवशीची बांबोळीची फेरी त्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

डोळा ही अल्लाहची अमानत आहे. तवक्कुल करण्यापूर्वी उंट बांधण्याची शिकवण आपल्याला आहे. व्यापारी बंधूंनी एवढे करावे, आपल्या दुकानात, कारखान्यात, बोटीवर कोण कोण लेन्स घालते ते विचारून घ्यावे. त्यांना दुपारी लेन्स काढायला आणि हात धुवायला साबण व जागा द्यावी, आणि डोळा लाल दिसला तर सीझन असो वा नसो, त्याच दिवशी सुट्टी द्यावी. नोकराचा एक दिवस गेला तर गल्ला भरून निघतो. कारागिराचा डोळा गेला तर त्याचे हुनर परत येत नाही. अल्लाह सर्वांची नजर सलामत ठेवो. आमीन.